दसऱ्याला संपणारी मुदत

माझ्या भावाचा मुलगा मुंबईत श्रीमंतांचे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीत आहे. हेज फंड म्हणतात त्याला. दिवाळीला आला की जेवणं झाल्यावर तो मला त्याच्या कामाचं सांगत बसतो आणि मी गुडघ्याला तेल चोळत ऐकते. गेल्या खेपेला म्हणाला, "आत्या, आमची सगळी कसरत तीन गोष्टींची. गिऱ्हाइकाला परतावा दणकून पाहिजे. मागितले की पैसे लगेच हातात पाहिजेत. आणि पैसे कुठे लावलेत तेही त्याला कळायला पाहिजे. आता सगळं सांगावं तर तो घाबरून पळतो. लगेच द्यायचं म्हणून रोकड पडून ठेवावी तर परतावा कुठून आणायचा? मग आम्ही मुदत बांधून घेतो. आणि फारच लोक एकदम मागायला आले तर दार जरा ओढून घेतो."

"दार ओढून घेता म्हणजे?"

"म्हणजे थोडं थोडं देतो. सगळ्यांना एकदम नाही."

"अरे बाबा, त्याला आमच्याकडे अर्धं शटर म्हणायचे," मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही. त्याला चार पुस्तकं वाचून जे कळलं ते मला एका दुष्काळानं शिकवलं, आणि शिकवताना पार पिळून काढलं.

शिरूर कासारला एक लहानशी पतसंस्था होती, तिची मी मॅनेजर. आमच्या बौद्ध वस्तीतून खुर्चीवर बसणारी पहिली बाई, म्हणून सुरुवातीला लोक खुर्ची बघायला यायचे, मग मला. आधीच सांगून टाकते, पतसंस्था बुडाली नाही. रडतखडत का होईना, सगळ्यांचे पैसे दिले. ज्यांना बुडण्याची गोष्ट ऐकायची असेल त्यांनी दुसरीकडे जावं, आपल्या जिल्ह्यात अशा गोष्टींना तोटा नाही.

आमचे ठेवीदार दोन जातींचे, म्हणजे पैशाच्या जातीचे. एक पगारवाले. शिक्षक, ग्रामसेवक, कंडक्टर. दुसरे ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की अर्धं गाव ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यांकडे निघून जायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास काळं होऊन परत यायचं. परत आले की कनवटीचे पैसे आमच्याकडे ठेवायचे. आणि ठेवताना सगळ्यांचं म्हणणं एकच, मुदत दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला सोनं घ्यायचं, दिवाळीचा बाजार करायचा, पेरणीची उधारी मिटवायची. मी शंभरदा सांगितलं, अहो, सगळ्यांची मुदत एकाच आठवड्यात संपली तर मी पैसे आणू कुठून? थोडी पुढं-मागं करा. कुणी ऐकेल तर शप्पथ. मुदत दसऱ्याचीच, जशी काय पंचांगात छापलीय.

त्यात एक मावशी होती. सगळं गावच तिला मावशी म्हणायचं, मीही. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा, पुढं सून आली. मावशीनं उभा जन्म उसाच्या फडात काढला. तिचा मुलगा फडातच, कोपीत म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या खोपटात जन्मला. त्याच्या पाठची मुलगीही फडातच झाली आणि तिथंच गेली. पाचटात पुरली, असं ती एकदा सहज बोलून गेली, पावतीवर अंगठा देता देता. नंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दर पाडव्याला ती थोडेथोडे पैसे आणून ठेवायची आणि दसऱ्याला न काढता व्याजासकट पुन्हा ठेवायची. पगारवाल्यांना काहीतरी घ्यायचं असतं, गाडी, प्लॉट. मावशीला एक वर्ष घ्यायचं होतं. घरी बसायचं एक वर्ष. ऊसतोडीचा मुकादम हंगामाआधी उचल देतो, म्हणजे मजुरीचे पैसे आगाऊ. उचल घेतली की तुम्ही त्याचे, मग आजार असो की बाळंतपण, ट्रकमध्ये चढायचंच. मावशी म्हणायची, "सुनंला दिवस गेले की त्या वर्साला उचल घ्यायची न्हाई. घरात बसून खायाचं आन् पोर घरात जल्माला घालायचं. तेवढ्यापुरतं साठवायलेय, ताई. मला दुसरं काय बी नको."

आणि नेमकी सून गरोदर राहिली ती दुष्काळाच्या वर्षी.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. गावात टँकर, माळावर चारा छावणी. लोक जनावरं घेऊन छावणीतच राहायला गेले. मावशीची एक म्हैस होती, तिच्यापायी तीही दिवसभर तिकडंच. गावातली सगळी भांडणं पाण्यावरून व्हायची. फक्त एका गोष्टीवरून कधीच झालं नाही. टँकरच्या जागी ज्यानं हंडा ठेवला त्याचा नंबर लागला. माणूस असो की नसो. छावणीत जा, दवाखान्यात जा, घरी जाऊन भाकरी थाप. हंडा आहे म्हणजे तू आहेस. दुसऱ्याचा हंडा सरकवणाऱ्याला गावानं बायकांच्या शिव्या खायला मोकळं सोडलं होतं, आणि आमच्याकडच्या बायकांच्या शिव्या म्हणजे लेखी देता येत नाहीत.

आता पैशाचं. दुष्काळात कर्ज फेडणार कोण? वसुली बंद. पण पगारवाल्यांना व्याज वाढवून पाहिजे. सर्वसाधारण सभेत एक गुरुजी उठले आणि म्हणाले, "जिल्ह्याच्या गावची मोठी पतसंस्था एवढं व्याज देती, तुमी कावून देत न्हाई?" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले. म्हटलं, ती कुठून देते ते विचारलंत का कुणी? कुणी विचारलं नव्हतं. कुणाला विचारायचंही नव्हतं. चेअरमन माझ्याकडं बघून म्हणाले, "म्याडम, अहवाल वाचला असं समजू." सगळे ओरडले, मंजूर, मंजूर. आणि चिवड्याच्या पुड्यांवर तुटून पडले.

चेअरमन वाईट माणूस नव्हता हो. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात दुकान, चाळीस वर्षं इमानानं धंदा केलेला. पण लोक सोडून जातील या भीतीनं तो झोपायचा नाही. शेवटी संचालकांनी ठराव केला आणि आमच्याकडची बरीच रोकड त्या मोठ्या पतसंस्थेत मुदतीवर ठेवली, जास्त व्याजासाठी. मी विरोध लिहून दिला. त्यांनी तो वाचला असं समजलं.

नेमकं दसऱ्याच्याच आठवड्यात मोठ्या पतसंस्थेचं शटर बंद झालं. बीडहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं बातमी आणली. चेअरमनच्या दुकानात संचालकांची बैठक बसली, शेंगदाण्याच्या पोत्यांवर.

"कुणाला काय सांगू नका," चेअरमन म्हणाले. "आपले पैसे तिथं अडकलेत हे कळलं तर उद्या दारात जत्रा भरंल."

"जत्रा तशीही भरणार आहे, दसरा आहे," मी म्हणाले. "न सांगता भरली तर लोक दार तोडतील. सांगून भरली तर रांगेत उभे राहतील."

"आन् रोकड किती दिवस पुरंल?"

"सगळ्यांना नाही पुरणार. ज्यांची मुदत संपलीय त्यांना देत जाऊ, असेल तोवर. बाकीच्यांना स्पष्ट सांगू की थांबा."

एक संचालक चिडून म्हणाला, "म्याडम, तुमी संस्था बुडवाल." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बुडवायचं काम तुम्ही ठराव करून उरकलंय. मी नुसतं ओरडून सांगतेय की पाणी आत आलंय." चेअरमननं कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "करा. करा तुमाला वाटतं ते. मी थकलो आता." त्यांच्या तोंडचं ते एक वाक्य मला पूर्ण पटलं.

शाळेतून एक फळा मागवला आणि दाराशी टेकवून ठेवला. त्यावर स्वतः खडूनं लिहिलं. आपली किती रक्कम कुठं अडकली आहे, आज हातात किती आहे, ज्यांची मुदत संपली त्यांना रांगेनं, रोकड असेल तोवर. खाली सही केली. संध्याकाळपर्यंत ते गावात, वाडीवस्तीत, छावणीत, सगळीकडं पोचलं. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी आमचा अहवाल वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर दारापासून थेट चौकापर्यंत हंडे. पितळी, स्टीलचे, प्लास्टिकच्या घागरी, तेलाचे डबे, एक तर फुटकं घमेलं. छावणीतल्या बायकांनी अंधारातच येऊन आपापला हंडा ठेवला होता आणि म्हशींना चारा घालायला परत गेल्या होत्या. टँकरचा जो कायदा तोच पतसंस्थेचा, त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आणि हंड्यांच्या शेजारी, खरीखुरी, पायांवर उभी असलेली पगारवाल्यांची रांग. इस्त्रीचे शर्ट, हातात पिशव्या.

सभेतले तेच गुरुजी सगळ्यात पुढं. त्यांनी पायानं दोन घागरी बाजूला सारल्या आणि म्हणाले, "म्याडम, उघडा. हे काय पाण्याचं टँकर हाय का? जो हजर त्याचा नंबर."

खरं सांगते, त्यांचं चुकत नव्हतं. नियमात हंडा कुठं लिहिलेला नव्हता. पण मी त्या घागरींकडं बघितलं. एका घागरीला हिरव्या रंगाचा पट्टा मारलेला होता, ती मावशीची. तीही बरीच मागं होती, कारण तिची म्हैस छावणीच्या पार टोकाला बांधलेली आणि पायात जोर नाही. ज्यांना पैसे मिळाले नाहीत तरी महिनाअखेर पगार येणार होता ते पुढं, आणि जिला पैसे मिळाले नाहीत तर ट्रकमध्ये बसायचं होतं ती छावणीत. माझा फळा सगळ्यांनी वाचला होता, पण धावत येणं सगळ्यांना जमणार नव्हतं. असं काही होईल हे मला आधी सुचलंच नव्हतं.

"गुरुजी," मी म्हणाले, "घागर जिथं होती तिथं ठेवा."

"कावून?"

"कारण ती तुमच्या आधी आलीय."

"घागर आली, बाई न्हाई आली!"

"तुमच्या घरी टँकरचं पाणी कसं येतं, गुरुजी? तुम्ही उभे राहता रांगेत?"

मागून कुणीतरी खो-खो हसलं. गुरुजी लालेलाल झाले. "तुमी असल्या लोकांचीच बाजू घेणार, म्हाईत हाय आमाला," ते म्हणाले. असल्या लोकांची म्हणजे कुणाची ते सगळ्यांना कळलं आणि मलाही कळलं. पूर्वी अशा बोलण्यावर मी तावातावानं भांडायची. त्या दिवशी नुसता कंटाळा आला. मी म्हटलं, "हो, घेणार. आता घागर ठेवा, नाहीतर शटर उघडत नाही." बराच वेळ आरडाओरडा झाला, हवालदार आला, त्यानं हंड्यांची रांग बघितली आणि तोही म्हणाला की हंडा सरकवायचा नसतो. त्याची बायकोही टँकरवर जायची.

मग आम्ही हंड्याच्या नंबरानं पैसे वाटले. निरोप गेला की बाई छावणीतून यायची, आपला हंडा उचलायची आणि खिडकीशी उभी राहायची. दुपार टळल्यावर मावशी आली. मुद्दल आणि व्याज मी तिच्या ओंजळीत दिलं. तिनं मोजलं नाही. पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "झालं बाई. सून घरात ऱ्हाती आता." घागर काखेत धरून निघून गेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कितीतरी दिवसांनी घरी जाऊन पोटभर जेवले.

आणि दुसऱ्या दिवशी, रोकड जवळजवळ संपलेली, खिडकीपुढं माणसं तशीच, अन् मावशी आत आली. थेट माझ्या टेबलाजवळ. गाठ सोडली आणि पैसे टेबलावर ठेवले.

"हे परत ठिवून घ्या."

मला वाटलं हिला काही कळलेलं नाही. "मावशी, अहो काय झालं?"

तिनं खुर्चीवर बसायला नकार दिला, खाली भिंतीला टेकली आणि सांगितलं. मुलानं दोन महिन्यांपूर्वीच मुकादमाकडून उचल घेतली होती. जोडीची. आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. काही चाऱ्याला गेले, काही कुठं गेले ते त्यालाच माहीत. काल ती पैसे घेऊन घरी गेली तर दारात मुकादम बसलेला, परवा ट्रक निघतोय म्हणून सांगायला.

"मग उचल परत करा ना त्याची! पैसे आहेत तुमच्या हातात!"

"केली की. त्याच्या म्होरं ठिवली. त्यो म्हणला, मावशे, पैशे घिऊन काय करू? मला कोयता पायजे. कारखान्याला म्या कोयते मोजून सांगितलेत."

आमच्याकडं एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, त्याला कुणी विचारत नाही. बाकीच्या सगळ्या जोड्या तोवर कुठल्या ना कुठल्या मुकादमाशी बांधल्या गेलेल्या. मी इतके दिवस रोकड रोकड करून जीव टाकत होते, आणि रोकड हातात असून त्या बाईच्या काही उपयोगाची नव्हती.

"मग आता?"

"आता काय. पोराच्या जोडीला मी जाती. मोळ्या बांधाया हात हायेत अजून. मुकादम लई कुरकुरला, म्हातारी म्हणला, पन झाला कबूल. सून घरी ऱ्हाती. तिच्यापाशी दवाखान्यापुरते ठिवलेत, बाकीचे हे. सुनंच्या नावानं लिवा. तिच्या अंगठ्याबिगर कुणाला देऊ नका, माज्या पोराला बी न्हाई."

मला राहवलं नाही. उठून तिच्याजवळ खाली बसले. गुडघे करकरले. हळू आवाजात सांगितलं, कारण ते मोठ्यानं सांगणं मॅनेजरला शोभत नाही. "मावशी, ऐका माझं. इथं ठेवू नका. बाहेर फळ्यावर लिहिलंय ना, आमची अवस्था काय आहे ती? उद्या मागितले तर मी देऊ शकेन असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही मला. घरी ठेवा. पोस्टात ठेवा. इथं नको."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, एखाद्या लहान पोरीकडं बघावं तसं.

"घरात ठिवले तर लेक मागतंय आन् मी देती. पोस्टात ठिवले तर लेक जाऊन रडतंय आन् सून सोडवून देती. तुमच्याकडं, ताई, मागून मिळत न्हाईत, हे कालपास्नं सगळ्या गावाला ठावं झालंय. म्हणूनच तर आणलेत."

मी पावती लिहिली. सुनेचं नाव, मुदत पाडव्यापर्यंत. मावशीनं पावती ब्लाउजमध्ये खुपसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि घाईनं गेली, भाकरीचं पीठ दळून आणायचं होतं ट्रकच्या प्रवासाला. सून पुढं माघात सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी धडधाकट. पण ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की त्या अख्ख्या आठवड्यात आमच्याकडं आलेली ती एकुलती एक ठेव होती, आणि खिडकीपुढं रांग उभी होती. कॅशियरनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यानं मावशीचे पैसे उचलले आणि रांगेत पुढं असलेल्या माणसाला मोजून दिले.